खेड्याकडे वळलेला शिक्षक

१९१८ सालचा उन्हाळा. पहिले महायुद्ध अखेरच्या टप्प्यात आले होते. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील बुलोन या बंदराजवळ चिनी मजुरांची एक मोठी छावणी होती. ब्रिटन आणि फ्रान्स या देशांचे तरुण रणभूमीवर पडत होते. जहाजांतील माल उतरवायला, खंदक खणायला, रस्ते आणि लोहमार्ग दुरुस्त करायला माणसे अपुरी पडत होती. म्हणून या दोन देशांनी सुमारे १,४०,००० चिनी शेतकरी आणि मजूर करार करून युरोपात आणले होते. त्यांतील बहुतेकांनी आपल्या जिल्ह्याबाहेरचे जगही यापूर्वी पाहिले नव्हते. हजारो मैल दूर असलेल्या घरी आपण जिवंत आहोत एवढे कळवावे, ही त्यांची मोठी तळमळ होती. पण पत्र लिहिता येणारा माणूस शेकड्यात एखादाच सापडे.

या छावणीत अमेरिकेतील येल विद्यापीठाची पदवी नुकतीच मिळवलेला एक चिनी तरुण वाय.एम.सी.ए. या संस्थेतर्फे मजुरांच्या मदतीसाठी आला. त्याचे नाव यान यांगचू. पुढे जग त्यांना जेम्स येन या नावाने ओळखू लागले. दिवसाची कामे आटोपली, की मजूर त्यांच्या भोवती जमत आणि पत्र लिहून देण्याची विनंती करीत. येन रात्री जागून पत्रे लिहीत. पण पत्रे संपेनात. एका रात्री जितकी लिहून व्हावीत, त्याहून अधिक माणसे दुसऱ्या रात्री दारात उभी असत. शेवटी एके दिवशी त्यांनी मजुरांना एकत्र बोलावले आणि यापुढे आपण कोणाचेही पत्र लिहिणार नाही, ज्याला हवे असेल त्याला लिहायला मात्र शिकवू, असे जाहीर केले. जमलेले लोक हसू लागले. हा तरुण आपली थट्टा करतो आहे, असेच त्यांना वाटले. चीनमध्ये लिहिणे-वाचणे ही पंडितांची मिरास होती. ओझी वाहणाऱ्यांनी अक्षर हाती धरावे, ही कल्पनाच त्यांना चमत्कारिक वाटली. तरीही चाळीस जण पुढे आले. दिवसभर राबून थकलेली ही प्रौढ माणसे रोज संध्याकाळी तासभर पाटीवर मान घालून बसू लागली. काही महिन्यांनी त्यांतील पस्तीस जण स्वतःच्या हाताने घरी पत्र लिहू शकत होते.

येथे चिनी लिपीची अडचण लक्षात घ्यायला हवी. आपल्या देवनागरीत स्वर, व्यंजने आणि बाराखडी आली की कोणताही शब्द वाचता येतो. चिनी लिपीत तसे नाही. तेथे प्रत्येक शब्दाला किंवा शब्दाच्या भागाला स्वतंत्र चिन्ह असते आणि अशी चिन्हे हजारोंनी आहेत. ती सगळी शिकायची तर आयुष्य पुरणार नाही. त्यातून पुस्तकांची भाषा प्राचीन आणि बोलण्याची भाषा निराळी. येन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून मार्ग काढला. सामान्य माणसाच्या बोलण्यात आणि व्यवहारात वारंवार येणारी सुमारे एक हजार चिन्हे त्यांनी निवडली आणि बोलभाषेतच धडे बांधले. त्यांतूनच पुढे चार लहान पुस्तिका तयार झाल्या. त्यांत ९६ धडे होते. रविवार वगळून रोज एक तास, असे चार महिने दिले की अभ्यासक्रम पुरा होई. पुस्तिकांची किंमतही मजुराला परवडेल एवढीच ठेवलेली होती.

मजुरांसाठी येन यांनी एक साप्ताहिकही काढले. एके दिवशी त्यांना एका मजुराचे पत्र आले. पत्रासोबत ३६५ फ्रँक होते. इतक्या स्वस्तात विकले जाणारे पत्र फार दिवस चालणार नाही, ते बंद पडू नये म्हणून आपण तीन वर्षांची सगळी बचत पाठवत आहोत, असे त्याने कळवले होते. येन यांना हा प्रसंग जन्मभर विसरता आला नाही.

‘कुली’ हा शब्द आपल्या देशात घरोघर माहीत आहे. चिनी भाषेत तो दोन चिन्हांनी लिहितात. पहिल्या चिन्हाचा अर्थ कडवटपणा किंवा कष्ट, दुसऱ्याचा अर्थ बळ. या माणसांचे कष्ट आणि त्यांचे बळ या दोन्हींविषयी आपण सुशिक्षित लोक किती अज्ञानी आहोत, हे येन यांना फ्रान्समध्ये उमगले. शिकवायला आलेला माणूस स्वतःच शिकून गेला. श्रमिकांच्या ठायी बुद्धीची उणीव नसते, त्यांना संधी मिळालेली नसते, असा त्यांचा पक्का विश्वास झाला. परत गेल्यावर सरकारी अधिकारी किंवा धनिक व्हायचे नाही, लोकशिक्षणालाच वाहून घ्यायचे, असा निश्चय त्यांनी तेथेच केला.

येन यांचा जन्म १८९० साली पश्चिम चीनमधील सिचुआन प्रांतातल्या बाजोंग या गावी झाला. घराणे विद्वानांचे, पण श्रीमंतीचे नव्हते. लहानपणी वडिलांकडून त्यांनी प्राचीन चिनी ग्रंथांचे अध्ययन केले. पुढे नवे शिक्षण मिळावे म्हणून घरच्यांनी त्यांना दूरच्या गावातील मिशनरी शाळेत घातले. हाँगकाँगमध्ये काही काळ शिकून ते अमेरिकेला गेले. प्राचीन ग्रंथांतील एक विचार त्यांच्या मनात खोल रुजला होता. प्रजा हा राज्याचा पाया असून पाया बळकट असेल तरच राज्य स्थिर राहते, असा तो विचार. ख्रिस्ती धर्मातील सेवाभाव, अमेरिकेत पाहिलेली लोकशाही आणि आपल्या परंपरेतील हा विचार या तिन्हींचा मेळ त्यांनी घातला. कोणत्याही एकाच चौकटीत न मावणारा हा माणूस होता. कदाचित म्हणूनच पुढे डावे आणि उजवे दोन्ही पक्ष त्यांच्यावर नाराज झाले.

युद्ध संपल्यावर प्रिन्स्टन विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेऊन येन १९२० मध्ये मायदेशी परतले. १९२१ मध्ये त्यांचा विवाह अॅलिस ह्यूई यांच्याशी झाला. अॅलिस न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या, तेथील एका चिनी धर्मोपदेशकाच्या कन्या. महानगरात वाढलेल्या या तरुणीने पुढे उत्तर चीनच्या धुळकट खेड्यात संसार थाटला. येन यांच्या कार्याची वर्णने करणारे लोक अॅलिस यांना बहुधा दोन ओळींत आटोपतात. पण पतीच्या प्रत्येक स्थलांतरात सोबत राहून घर आणि पाच मुले सांभाळणाऱ्या या बाईंचा त्या कार्यातील वाटा दोन ओळींचा नव्हता.

१९२२ मध्ये हुनान प्रांतातील चांगशा या शहरात येन यांनी साक्षरतेची पहिली मोठी मोहीम हाती घेतली. दुकाने, मंदिरे, शाळा, खाजगी घरे, जेथे जागा मिळेल तेथे वर्ग भरले. शिक्षक स्वेच्छेने आलेले होते. या शिक्षकांत माओ त्से-तुंग नावाचा एक तरुणही होता. सुमारे १,२०० विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रम पुरा केला आणि ९६७ जण परीक्षेत उत्तीर्ण झाले. त्यांत भिकारी होते, रिक्षा ओढणारे होते, दुकानांतील पोरे होती. या यशाचा गाजावाजा झाला. १९२३ मध्ये बीजिंग येथे लोकशिक्षण चळवळीची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि येन तिचे प्रमुख कार्यवाह बनले.

मात्र शहरांत मिळालेल्या यशाने येन यांचे समाधान झाले नाही. चीनमधील बहुसंख्य लोक खेड्यांत राहत होते. तेव्हा खेड्यात जाऊनच काम केले पाहिजे, हे उघड होते. उत्तर चीनमधील हबेई प्रांतात, बीजिंगच्या दक्षिणेस सुमारे २०० किलोमीटरवर डिंगशियान हा जिल्हा होता. त्यात ४७२ खेडी आणि सुमारे चार लाख लोकवस्ती होती. तेथील एका जमीनदार घराण्याने आपल्या गावात आधीपासून सुधारणेचे प्रयोग चालवले होते. त्यांच्या सहकार्याने १९२६ पासून येन यांच्या चळवळीने तेथे कामास आरंभ केला. १९२९ मध्ये तर त्यांनी संघटनेचे मुख्य कार्यालयच बीजिंगमधून उचलून या जिल्ह्यात आणले. स्वतः येन पत्नी-मुलांसह तेथे राहायला गेले. त्यांच्यामागून परदेशी विद्यापीठांतील उच्च पदव्या मिळवलेले कृषितज्ज्ञ, डॉक्टर, नाटककार, संपादक, समाजशास्त्रज्ञ आपापली बिऱ्हाडे घेऊन गेले. चीनच्या इतिहासात अशी गोष्ट पूर्वी घडली नव्हती. त्या काळी विद्वान खेड्यातून शहराकडे जात; शहरातून खेड्याकडे कोणी वळत नसे.

खेड्यात राहायला गेल्याबरोबर साक्षरतेची मर्यादा दिसू लागली. चार महिन्यांत वाचायला शिकलेल्या शेतकऱ्याचे पोट शेजारच्या निरक्षर शेतकऱ्याइतकेच रिकामे राहत होते. त्याने पुस्तक हाती घ्यावे तर डोळे खुपरीने आलेले. थोडे पीक वाढवावे तर ते सावकाराच्या घशात जाई. कर्ज काढून बैल घ्यावा आणि घरात कोणी आजारी पडले की तोच बैल विकावा. अज्ञान, दारिद्र्य, रोगराई आणि दुबळी ग्रामव्यवस्था ही चार दुखणी एकमेकांच्या आधाराने जगतात. त्यांतील एकावरच उपचार केला तर उरलेली तीन त्याला पुन्हा आजारी पाडतात, हे येन यांच्या ध्यानात आले. म्हणून शिक्षण, उपजीविका, आरोग्य आणि स्वशासन ही चारही कामे एकाच वेळी आणि एकमेकांत गुंफून करायची, असे त्यांनी ठरवले. आज ही गोष्ट सरकारी योजनांच्या प्रत्येक पुस्तिकेत आढळते. १९३० च्या सुमारास ती नवी होती, आणि ती कागदावर नव्हे तर ४७२ खेड्यांत करून पाहायची होती.

आधी जिल्ह्याची बारकाईने पाहणी झाली. समाजशास्त्रज्ञ ली जिंगहान यांच्या नेतृत्वाखाली कुटुंबे, जमीन, पिके, बाजार, मंदिरे, सण, खर्च, कर्ज यांची माहिती गोळा करण्यात आली. शेतकऱ्यांना या पाहणीचा संशय येई. नवा कर बसणार की काय, अशी त्यांना भीती वाटे. ओळख वाढली तसा हा संशय कमी झाला. शेतीच्या बाजूने कपाशीचे आणि धान्याचे सुधारित बियाणे आले. स्थानिक डुकरांचा विदेशी नराशी संकर करून अधिक वजनाची जात तयार झाली. जास्त अंडी देणाऱ्या लेगहॉर्न कोंबड्या आल्या. कर्जासाठी आणि माल विकण्यासाठी सहकारी संस्था निघाल्या. श्युंग फोशी या नाटककाराने शेतकऱ्यांनाच नट करून उघड्या रंगमंचावर नाटके बसवली. शेतकऱ्यांसाठी सोप्या भाषेतील वृत्तपत्र निघाले. या सर्व कामांचा कणा होता तो लोकशाळांतून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांचा. गावोगावी त्यांचे माजी विद्यार्थी संघ होते. नवे बियाणे प्रथम त्यांच्याच शेतात पेरले जाई.

आरोग्याच्या क्षेत्रात डिंगशियानने जे केले, ते सर्वांत दूरवर पोहोचले. १९३२ मध्ये डॉ. चेन जिछियन हे तरुण डॉक्टर तेथे आरोग्य विभागाचे प्रमुख म्हणून आले. बीजिंगमधील नामांकित वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले होते. तेथे जॉन ग्रँट या प्राध्यापकांनी त्यांना सामाजिक आरोग्याची दीक्षा दिली होती. चेन यांनी पाहणी केली तेव्हा ४७२ पैकी २२० खेड्यांत वैद्यकीय मदतीची कोणतीही सोय नव्हती. उरलेल्या खेड्यांत जे वैद्य होते, त्यांपैकी बहुतेक स्वतःच औषधे विकणारे आणि फारसे न शिकलेले होते. देवीच्या साथी येत. नवजात बालके धनुर्वाताने दगावत, कारण नाळ कापताना स्वच्छता पाळली जात नसे. पिण्याच्या विहिरींत पावसाचे घाण पाणी उतरे.

प्रत्येक खेड्यात डॉक्टर पाठवणे शक्य नव्हते. तेवढे डॉक्टर साऱ्या चीनमध्येही नव्हते, आणि असते तरी त्यांचा पगार खेड्याला पेलणारा नव्हता. चेन यांनी प्रश्न उलट बाजूने सोडवायला घेतला. एखादे खेडे आरोग्यावर वर्षाला किती खर्च करू शकते, हे त्यांनी आधी मोजले. मग तेवढ्या पैशांत काय करता येईल, याचा विचार केला. उत्तर सापडले ते ग्राम आरोग्य कार्यकर्त्यात. लोकशाळेत शिकलेला, गावाचा विश्वास असलेला एक तरुण शेतकरी माजी विद्यार्थी संघाने निवडावा. त्याला थोड्या दिवसांचे प्रशिक्षण द्यावे आणि मोजक्या औषधांची व मलमपट्टीची एक पेटी त्याच्या हाती द्यावी. त्याची कामे ठरलेली होती. गावातील जन्म-मृत्यूंची नोंद ठेवायची, देवीची लस टोचायची, किरकोळ जखमांवर आणि दुखण्यांवर उपचार करायचे, विहिरीचा कठडा नीट बांधलेला आहे की नाही ते पाहायचे आणि आपल्या आवाक्याबाहेरचा रुग्ण वरच्या केंद्रात पाठवायचा. हे सगळे त्याने आपली शेती सांभाळून करायचे.

या कार्यकर्त्याच्या वर अनेक खेड्यांसाठी मिळून एक उपकेंद्र होते. तेथे डॉक्टर असे. तो कार्यकर्त्यांच्या कामावर लक्ष ठेवी आणि त्यांना शिकवीतही असे. सर्वांत वर जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णालय, प्रयोगशाळा आणि प्रशिक्षणाची सोय होती. या त्रिस्तरीय व्यवस्थेचा खर्च माणशी वर्षाकाठी दहा चिनी सेंटांच्या आसपास होता. एवढासा आकडा सांगताना चेन यांना अभिमान वाटत असे, कारण तो खेड्याच्या खिशातून आलेला होता. वाचता न येणारा माणूस जन्म-मृत्यूची नोंद ठेवू शकला नसता किंवा औषधाच्या बाटलीवरचे नाव वाचू शकला नसता. म्हणजे फ्रान्समधील ती पहिली पाटी आणि डिंगशियानमधील ही औषधपेटी यांचा संबंध अगदी सरळ होता.

सगळेच बेत साधले असे मात्र नाही. बाळंतपणातील मृत्यू कमी करण्यासाठी शहरात शिकलेल्या तरुण सुईणी आणल्या गेल्या. गावातील बायका त्यांना घरात घेईनात. स्वतः मूल न जन्मवलेल्या अविवाहित मुलीने बाळंतपण करावे, हे त्यांना पटत नव्हते. वृद्ध सुईणींना शिकवून पाहिले, तर त्यांच्या जुन्या सवयी सुटत नव्हत्या. अखेर त्याच घरांतील तरुण सुनांकडे वळावे लागले. डॉक्टरांनी गावाला शिकवावे तसे गावानेही डॉक्टरांना बरेच शिकवले. प्रत्येक फसलेला प्रयोग येथे नोंदवला जात असे.

डिंगशियानवर टीकाही झाली, आणि तिच्यात तथ्य होते. या कामाला मिळणाऱ्या पैशांचा मोठा भाग अमेरिकन देणगीदारांकडून येत होता. उद्या तो थांबला तर काय, हा प्रश्न वाजवी होता. शिवाय येन यांनी जमिनीच्या वाटणीला हात घातला नाही. गावातील धनिकांना दुखवून काम करणे शक्य नाही, अशी त्यांची धारणा होती. जमिनीचा आणि जाचक करांचा प्रश्न सोडवल्याशिवाय डुकरांची जात सुधारून काय होणार, असे काही चिनी अर्थतज्ज्ञ विचारीत. या प्रश्नाला येन यांच्याकडे पूर्ण उत्तर नव्हते. पुढे ज्यांनी जमिनीचा प्रश्न हाती घेतला त्यांनी तो बळाने सोडवला, आणि त्यात अपार रक्त सांडले. येन यांना हिंसेचा मार्ग मान्य नव्हता. पण जमीन टाळून खेडे किती बदलेल, या शंकेने त्यांच्या कामाची पाठ कधी सोडली नाही.

शेवटी डिंगशियानचा घात टीकाकारांनी केला नाही. १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण चढाई केली आणि उत्तर चीनचा मैदानी प्रदेश शत्रूच्या ताब्यात गेला. शाळा, उपकेंद्रे, सहकारी संस्था, दहा-अकरा वर्षांत उभे केलेले सगळे काम काही महिन्यांत मोडले. येन आणि त्यांचे सहकारी आधी हुनानमध्ये आणि मग आपल्या जन्मप्रांतात, सिचुआनमध्ये, गेले. तेथे युद्धकालीन राजधानी चुंगकिंगच्या जवळ १९४० मध्ये त्यांनी ग्रामीण पुनर्रचनेचे महाविद्यालय स्थापन केले. बॉम्बवर्षाव चालू असताना तेथे वर्ग भरत होते.

१९४३ मध्ये कोपर्निकसच्या निधनाला ४०० वर्षे झाली. त्या निमित्ताने न्यूयॉर्कमध्ये जगातील दहा क्रांतिकारक विचारवंतांचा सन्मान करण्यात आला. त्यांत अल्बर्ट आइनस्टाइन होते, विमानाच्या शोधाचे श्रेय असलेले ऑर्विल राइट होते, आणि जेम्स येनही होते. अमेरिकेत येन यांचे वजन मोठे होते. युद्धानंतर त्यांनी ग्रामीण पुनर्रचनेसाठी भरीव निधी द्यावा म्हणून चिनी राज्यकर्ते च्यांग कै-शेक यांच्याकडे आग्रह धरला. च्यांग यांना आधी यादवी युद्ध जिंकायचे होते. येन यांनी मग अमेरिकन संसदेच्या सभासदांची मने वळवली. १९४८ च्या चीन मदत कायद्यात खेड्यांच्या कामासाठी मदतीचा काही हिस्सा राखून ठेवणारे कलम आले आणि त्यातून चिनी व अमेरिकन सभासदांचा एक संयुक्त आयोग स्थापन झाला. पण वेळ निघून गेली होती. १९४९ मध्ये साम्यवादी सत्ता आली. आयोग तैवानला गेला आणि तेथील जमीनसुधारणेत व शेतीच्या उन्नतीत त्याने मोठी कामगिरी बजावली. येन मात्र मायदेशाला पारखे झाले. चीनमध्ये त्यांचे नाव घेणेही बरीच वर्षे धोक्याचे ठरले. डॉ. चेन मायदेशीच राहिले. त्यांनाही टीका आणि उपेक्षा सोसावी लागली.

या वेळी येन साठीच्या घरात होते. एखादा माणूस आठवणी लिहीत स्वस्थ बसला असता. येन फिलिपाइन्समध्ये गेले. तेथील काही जाणत्या नागरिकांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये ग्रामीण पुनर्रचनेची चळवळ सुरू झाली. डिंगशियानमधील चार कामांची तीच गुंफण, तरुण कार्यकर्त्यांनी खेड्यात राहण्याची तीच अट. फक्त माती वेगळी आणि पीक भाताचे. १९६० मध्ये येन यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी त्यांनी ग्रामीण पुनर्रचनेची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली. मनिलाच्या दक्षिणेस सिलांग येथे तिचे केंद्र उभे राहिले. थायलंड, कोलंबिया, ग्वाटेमाला आणि घाना या देशांतील कार्यकर्ते तेथे शिकले आणि त्यांनी आपापल्या देशांत अशी कामे सुरू केली. देशोदेशींचे शेतकरी निराळ्या भाषा बोलत असले तरी त्यांची दुखणी ओळखीची निघाली.

डिंगशियानचा एक धागा आपल्या देशापर्यंतही येतो. डॉ. चेन यांचे गुरू जॉन ग्रँट १९३९ मध्ये कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्य संस्थेचे संचालक झाले. १९४३ मध्ये नेमलेल्या आणि १९४६ मध्ये अहवाल देणाऱ्या भोर समितीच्या कामात त्यांच्या अनुभवाचा उपयोग झाला. स्वतंत्र भारतातील प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना याच अहवालातून आली. पुढे १९७० मध्ये महाराष्ट्रात, अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने गावातील कमी शिकलेल्या, पुष्कळदा निरक्षर स्त्रियांनाच आरोग्य कार्यकर्त्या बनवले. त्यांनी डिंगशियानचे अनुकरण केले असे म्हणता येणार नाही. त्यांची वाट स्वतंत्र होती, आणि एका बाबतीत ती येन यांच्याही पुढे गेली. कारण डिंगशियानमध्ये निवडले जाणारे कार्यकर्ते मुख्यत्वे पुरुष आणि साक्षर होते. आरोळे दांपत्यालाही १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

चीनमध्येही १९६० नंतरच्या दशकात शेतात काम करणारे आणि थोडे वैद्यक शिकलेले ‘अनवाणी डॉक्टर’ गावोगावी दिसू लागले. जगभर त्यांचे कौतुक झाले. १९७८ मध्ये सोव्हिएत संघातील अल्मा-आता येथे भरलेल्या जागतिक परिषदेत प्राथमिक आरोग्य सेवेचा जाहीरनामा संमत झाला, तेव्हा अनेकांच्या डोळ्यांसमोर चीनचे हेच उदाहरण होते. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या औषधपेटीची आठवण त्या कौतुकात क्वचितच कोणी काढली.

१९८० मध्ये अॅलिस यांचे निधन झाले. चीनमधील वारे तोपर्यंत बदलू लागले होते. १९८५ मध्ये, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, येन यांना मायदेशी येण्याचे निमंत्रण मिळाले. पस्तीस वर्षांहून अधिक काळानंतर ते चीनच्या भूमीवर उतरले आणि डिंगशियानला गेले. ज्या कामाचा उल्लेखही एकेकाळी निषिद्ध मानला गेला होता, त्याची तेथे आदराने दखल घेतली जात होती. त्यांनी पेरलेल्या बियाण्याची आणि बसवलेल्या नाटकांची आठवण सांगणारी म्हातारी माणसे अजून त्या गावांत होती. १७ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्क येथे येन यांचे देहावसान झाले.